बेलभंडारा न उचललेला माणूस

रंगनाथअण्णांनी सकाळचा चहा नाकारला, की आमच्या दूध संस्थेत भलेभले आपापला कप खाली ठेवायचे. कारण त्या नकाराचा अर्थ गावाला पाठ होता: अण्णा काल कुणाशी तरी खोटं बोलले. खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, असा त्यांचा नेम. साबुदाणा नाही, भगर नाही, चहा तर नाहीच. नेम कुठल्या पोथीतला नव्हता, कुणा महाराजांनी दिलेला नव्हता. त्यांनीच लावून घेतलेला आणि त्यांनीच पाळलेला. पंचाईत एवढीच, की कुणाशी काय खोटं बोलले ते अण्णा सांगत नसत. मग दिवसभर जो तो कालचं आठवत बसायचा.

एकदा संस्थेच्या वार्षिक सभेत आमच्या चेअरमननी दोन तास भाषण ठोकलं. खाली उतरल्यावर अण्णांना विचारलं, "कसं झालं, अण्णा?" अण्णा म्हणाले, "झकास." दुसऱ्या दिवशी चेअरमन ऑफिसात आले, तर अण्णांच्या टेबलावर चहाचा कप साय धरून तसाच. चेअरमनचं तोंड एवढंसं झालं. आठ दिवस ते अण्णांशी बोलले नाहीत. घरी कौसल्याकाकूंची तीच गत. "काल आमटी बरी झाली म्हनले आन् आज उपाशी! मग तिखटजाळ होती म्हनायला जीभ झडली होती का?" असं त्या अंगणातून गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारायच्या. अण्णा गप्प. कारण उत्तर दिलं आणि ते जरा इकडंतिकडं झालं, तर उद्याचंही जेवण गेलं.

अण्णा संस्थेचे सचिव आणि मी क्लार्क. आमचं गाव केज तालुक्यातलं. जीपनं यायचं आणि फाट्यावर उतरून पायी चालायचं. अण्णा उंच, काटकुळे, मान जरा पुढं काढून चालणारे. दुधाची घनता बघायचा लॅक्टोमीटर ते स्वतःच्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवत. संस्थेच्या खोलीत चेअरमननी लावलेले पाच-सहा देवांचे फोटो होते. त्यांची धूळ अण्णाच पुसत. पण हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. हात जोडत ते भल्या सकाळी पहिली म्हैस दारात आली की. तेही तिच्या मालकाला दिसणार नाही असं, पाठ करून. मी एकदा विचारलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणाले, "तिच्या वासराचं दूध आपन घेतूय. निदान तिला सांगून घ्यावं."

गावात त्यांना नास्तिक म्हणत. सप्ताहात कीर्तनकार महाराज दरवर्षी त्यांच्यावर एक तरी टोला हाणायचे आणि मांडवात सगळ्यात मोठ्यानं हसायचे अण्णाच. हसून झालं की उठून पंगतीला पाणी वाढायला जायचे. सातही दिवस. "देवासाठी न्हाई बरं का," असं बजावून, "जेवणाऱ्याला ठसका लागतो म्हणून." एवढं बजावायची काही गरज नव्हती; पण फुकटचं पुण्य आपल्या नावावर चढू नये याबद्दल ते भलतेच दक्ष असत.

नास्तिक म्हणून त्यांची कीर्ती तालुक्याला पोचली. एक दिवस तिथली विवेकवादी मंडळी गाडी करून आली. बरोबर शाल आणली होती आणि नारळही. नारळ कशाला, हे मी विचारणार होतो, पण राहिलं. त्यातले एक रिटायर प्राध्यापक होते. त्यांनी सत्काराआधी अण्णांना विचारलं, "तर मग देव नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"ते मला ठाऊक न्हाई," अण्णा म्हणाले.

"म्हणजे वर्ष आठवत नाही?"

"न्हाई, देव न्हाई ह्येच ठाऊक न्हाई."

"मग आहे म्हणता?"

"तेबी ठाऊक न्हाई. मी तिथं गेलतो का बघायला?"

प्राध्यापकांनी एकदा शालीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. तेवढ्यात दारात कुणाची तरी म्हैस आली आणि अण्णांनी सवयीनं हात जोडले. झालं! मंडळींनी शाल गाडीत परत नेली आणि नारळ तेवढा विसरले. जाताना अण्णा त्यांना म्हणाले होते, "तुमी आले, लई आनंद झाला." दुसऱ्या दिवशी आमच्या सचिवांचा उपास.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अण्णा तरणे असताना एकदा मोठा दुष्काळ पडला होता. पाऊस येईना म्हणून गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्याचा उंबरा चिखलानं लिंपायचा, आत पाणी भरत जायचं आणि पिंड पार बुडवायची. देव गुदमरला की पाऊस पाडतो, अशी समजूत. तरण्या पोरांनी उरल्यासुरल्या विहिरीतून घागरी वाहिल्या. त्यात अण्णा सगळ्यात पुढं होते. दोन दिवसांत पिंड बुडाली आणि विहीरही आटली. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या घरची कालवड पाण्यावाचून गेली.

"मग तुम्ही देव सोडला?" मी विचारलं.

"सोडला न्हाई. सोडवला," अण्णा म्हणाले. "पाऊस पाडा, पोरं द्या, चोर धरा... काय काय कामं लावून ठिवलीत त्येच्या मागं! मी माझ्यापुरती काढून घेतली. म्हनलं, बाबा, तू असशील तर बस निवांत. माझं मी बघतो."

तर हे असे अण्णा. माझं वय तेव्हा तिशीच्या आत, आणि मला हे सगळं ऐकायला फार गोड लागायचं. ऐकायलाच. मी स्वतः दर रविवारी खंडोबाच्या टेकडीवर जाणारा माणूस होतो, आणि आहे.

मग पुन्हा दुष्काळ पडला. शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नाही, तेव्हा संस्थेनं माळावर चारा छावणी घातली. गावातली सगळी जनावरं तिथं बांधलेली. त्यात अण्णांची बैलजोडी होती, एक बांडा आणि एक तांबडा. अण्णांना मूलबाळ नव्हतं. कौसल्याकाकू त्या बैलांशी बोलायच्या तसं अण्णांशीही बोलत नसत.

छावणीत पाण्याची एक मोठी काळी टाकी होती. दोन दिवसांआड टँकर यायचा तेव्हा ती भरायची. पाणी चोरीला जाऊ नये म्हणून टाकीच्या कॉकवर लोखंडी पेटी बसवली होती आणि पेटीला कुलूप. किल्ल्या तिघांकडं: टँकर खाली करून घेणारा किसन, मी आणि अण्णा.

एका सकाळी टाकी ठणठणीत कोरडी निघाली. पेटीला कुलूप होतं तसंच, आत कॉक अर्धा उघडा, आणि पाणी सगळं उतारानं मुरमात जिरलेलं. आदल्या दुपारीच टँकर खाली झाला होता. जनावरांनी जो हंबरडा फोडला तो गावात ऐकू येत होता. चेअरमननी केजला जाऊन हातापाया पडून टँकर आणला, तो दिवस कलल्यावर. कुठलं जनावर दगावलं नाही, पण बाया रडत होत्या आणि पुरुष एकमेकांच्या अंगावर जात होते.

आमच्याकडं अशा वेळी एकच इलाज. खंडोबापुढं बेलाचं पान आणि भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, यात माझा दोष असेल तर देव बघून घेईल. ज्यानं उचलला तो सुटला. मग त्याला कुणी काही विचारत नाही. रविवारी टेकडीवर अख्खं गाव जमलं आणि आम्हा तिघांना पुढं बोलावलं.

किसननं उचलला. एका दमात, डोळे मिटून.

मग मी. इथं मला सांगितलं पाहिजे की टाकी कोरडी निघाली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ती पेटी उघडली होती. घरी पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून एक कळशी भरून घेतली, पाय धुतले, कुणी बघेल म्हणून घाईनं पेटी लोटली. कॉक पुरता आवळला की नाही? आवळला असणार, असं मी मनाला चार दिवस सांगत होतो. सांगून सांगून माझी खात्री पटली होती. मी बेलभंडारा उचलला. किसनसारखाच, एका दमात. मला त्याचंच आजही नवल वाटतं.

मग अण्णा. अण्णा उभे राहिले आणि हात मागं बांधले.

"उचला, अण्णा. संपवून टाकू," चेअरमन म्हणाले.

"काय म्हणून उचलू?"

"आता काय सांगायचं! माझा दोष न्हाई म्हणून."

"ते मला ठाऊक न्हाई. मी अंधार पडता पडता गेलो, पेटी लोटलेली दिसली, कुलूप लावलं. कुलूप लावलेलं पक्कं ध्यानात हाय. आत हात घालून कॉक बघितला का, ते ध्यानात न्हाई."

"मग दोष हाय म्हणा!"

"आसंल. न्हाई बघितला आसंल तर माझाच. शेवटचं कुलूप माझं, तवा जबाबदारी माझी. काय दंड करायचा तो करा. पर जे ठाऊक न्हाई त्येची शपथ न्हाई घ्यायचा."

कुणी म्हणेल, एवढं सरळ कबूल केल्यावर गाव खूश व्हायला पाहिजे. छे! गावाला जबाबदारी घेणारा नको होता, भंडारा उचलणारा पाहिजे होता. "देवाला भितो म्हणून उचलना," एकजण ओरडला. "देव मानीतच न्हाई, त्येला कशाची भीती?" दुसरा ओरडला. दोघंही अण्णांच्याच विरुद्ध होते.

कौसल्याकाकू बायकांतून उठून पुढं आल्या. "अवं, कावून आसं करायलेत? बैलं हायेत आपली तिथं. उचला की पान! मानीत न्हाई ना तुमी? मग पाल्यावानी पाला हाय, उचला!"

"मी मानीत नसंन," अण्णा काकूंना हळू म्हणाले. "ह्ये समदे मानतेत ना? मग त्येंच्यापुढं उचलून मी त्येंनाच फसवनार."

"मग मी उचलते तुमच्या वतीनं!"

"तुला तर माझ्याहूनबी ठाऊक न्हाई, कौसल्या."

काकू रडायला लागल्या. मग एकदम माझ्याकडं वळल्या. "मधू, तू तरी सांग बाबा ह्यांना. तुझं ऐकतेत." मी खाली बघितलं. मी तेव्हा बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, हे सगळ्यात वाईट.

चेअरमन मनानं काही दुष्ट नव्हते. त्यांनी तीनदा विचारलं. मग गावाचा निवाडा सांगितला: जो भंडारा उचलणार नाही, त्याच्या जनावरांना छावणीचं पाणी नाही. अण्णांनी मान हलवली, जशी दुधाचा आकडा ऐकून हलवायचे. मग संस्थेच्या किल्ल्या काढून चेअरमनच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बैल सोडून निघाले. धर्मापुरीला काकूंचं माहेर, तिथं मेव्हण्याच्या विहिरीला थोडं पाणी होतं. पण धर्मापुरी म्हणजे अंबाजोगाई ओलांडून पलीकडं. खपाटीला गेलेल्या जनावरांना घेऊन, उन्हाच्या तडाख्यात तीन दिवसांची चाल. मी शिवेपर्यंत बरोबर गेलो. दोनदा तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "मधू, लॅक्टोमीटर टेबलाच्या खणात ठिवलाय. रुमालात गुंडाळत जा, लवकर फुटतो." मी बरं म्हणालो आणि मागं फिरलो.

आठवड्यानं निरोप आला. तांबडा वाटेत बसला, तो उठला नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्यात नेम कसला नव्हता, साधा घास फिरत होता. शेवटी मी चेअरमनच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. सगळं. कळशी, पाय, घाई, लोटलेली पेटी. चेअरमन सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"येडा का खुळा तू?" ते म्हणाले. "तू तर बेलभंडारा उचललेला हायस."

"अहो, पण कॉक माझ्याकडूनच..."

"उचलला का न्हाई?"

"उचलला."

"आज किती दिवस झाले? तुला काय झालं का? पोरंबाळं धडधाकट हायेत ना? मग! तुझ्या हातून झालंच न्हाई. देवापेक्षा तू शहाना झाला का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् ऐक. ह्ये कुठं बोलू नको. तुझा भंडारा खोटा ठरला, तर उद्या गावात कुनाचाच खरा राहायचा न्हाई. ह्या गावात निम्मे तंटे त्येच्यावर मिटलेत."

त्यांचं चूक म्हणायची सोय नव्हती. मी किसनला सांगितलं, तर तो माझ्याकडं बघेना. बायकोला सांगितलं, तर तिनं खंडोबाला नैवेद्य दाखवला आणि मला अंगारा लावला. गावात खरं सांगायला मी दारोदार फिरलो, पण घ्यायला कुणी तयार होईना. मी सुटलो होतो. माझ्या सुटकेला माझासुद्धा इलाज नव्हता.

पाऊसपाणी होऊन रानं वाफशावर आली, तेव्हा मी धर्मापुरीला गेलो. तिथं जे जुनं कोरीव देऊळ आहे, त्याच्या अलीकडं मेव्हण्याचं रान. काकू बांधावर भाकरी घेऊन बसल्या होत्या. अण्णा वखर हाणत होते. जू एक, त्याला एका बाजूला बांडा आणि दुसऱ्या बाजूला मेव्हण्याचा बुटका बैल. जोडी जमत नव्हती. दर थोड्या पावलांवर वखर बांड्याच्या बाजूला ओढलं जायचं आणि अण्णा अंग टाकून ते सरळ करायचे. केवढे वाळले होते!

त्यांनी मला बघितलं, पण बांधापर्यंतचं तास पुरं करूनच थांबले. मी तिथंच, ढेकळात उभं राहून सांगितलं. चेअरमनकडं गेल्याचंही सांगितलं. मला वाटत होतं, अण्णा हसतील. एवढा मोठा माणूस, म्हणतील, जाऊ दे रे. खरं सांगतो, मी त्यासाठीच गेलो होतो.

अण्णांचे डोळे लाल झाले. मी त्यांना कधीच चिडलेलं पाहिलं नव्हतं. "शिवेवर का न्हाई बोललास?" ते म्हणाले. "तिथं बोलला असतास तर मी मागं फिरलो असतो. मला शानपन न्हवतं मिरवायचं, मधू. मला बैलं जगवायची होती."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. ते दोन पावलं मागं सरकले. "पाय कशाला धरतूस? माफी देन्याचं काय माझ्याकडं न्हाई. देवाकडं आसंल, तू तिथं जातूस. माझ्यात तसली सोयच न्हाई."

काकूंनी बांधावरून हाक मारली, "मधू, भाकर खाऊन जा." त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही. मी दोन घास खाल्ले. अण्णा पुन्हा वखराला लागले होते. मी निघताना ते लांबूनच ओरडले, "अंबाजोगाईच्या अलीकडं, रस्त्याच्या डाव्या हाताला लिंबाचं झाड हाय. त्येच्याखाली पुरलाय. जाताना उतर." आणि बैल वळवले. मला शेवटचे दिसले ते पाठमोरे, मान पुढं काढून वखरावर रेललेले, त्या विजोड जोडीला सरळ न्यायची खटपट करत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आमच्या गावातून मातीला कुणी गेलं नाही. निरोपच उशिरा आला, असं चेअरमन म्हणतात.

पण त्या दिवशी, धर्मापुरीहून परतताना, मी लिंबाखाली उतरलो. जीप भरलेली होती, ड्रायव्हर कुरकुरत थांबला. झाडाखाली मातीचा उंचवटा, वर थोडं गवत आलेलं. मी समोर उभा राहिलो आणि माझी पंचाईत झाली. हात जोडायचे तर कुणाला? काय म्हणायचं? मला शिकवलेलं त्यातलं काहीच इथं चालत नव्हतं. मी नुसता उभा होतो.

मागं वळून बघितलं, तर जीपमधल्या दोन बायांनी कपाळावर पदर ओढून हात जोडले होते. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली होती. ड्रायव्हरनं विचारलं, "जागृत हाय का? कंचा देव म्हनायचा ह्यो?"

"देव नाही," मी म्हणालो. "बैल आहे. माझ्यामुळं मेला. मी खंडोबाची खोटी शपथ घेतली, म्हणून मेला."

बायांचे जोडलेले हात खाली आले. त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि मला बसायला जागा होती तिथं आपलं गाठोडं सरकवलं.

मी अंबाजोगाईपर्यंत मागं लटकून आलो.